सागवानी जमीन आवडली, आता तिच्या खालून बघा

पत्र: आम्ही बावधनला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नारायण पेठेत नदीच्या बाजूला १९३०च्या दशकातलं एक दुमजली घर विकायला निघालंय आणि मी त्याच्या प्रेमात पडलेय. खाली तीन खोल्या, रस्त्याच्या बाजूला एका शिंप्याचं दुकान (जुना भाडेकरू), वर दिवाणखाना आणि दोन खोल्या. वरची सगळी जमीन लाकडी फळ्यांची. कडेने तपकिरी ऑइलपेंट, मधे लिनोलियम. लिनोलियमचा कोपरा उचलून पाहिला तर खाली सागवान! दोघे भाऊ विकतायत. त्यांची बहीण नागपूरला असते, पण ‘तिचं काही नाही’ म्हणतात. आमचा सुतार म्हणतो, घासून मेलामाइन पॉलिश मारू, चकाचक होईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, लाकडाची कटकट कशाला, वरून टाइल्स टाका. दीर म्हणतात, त्यापेक्षा बाणेरला नवा फ्लॅट घ्या. दसऱ्याला राहायला जायचं मनात आहे, म्हणजे जमिनीचं काम जुलै-ऑगस्टमध्ये. घर घ्यावं का? आणि जमीन नीट होईल का?
– एक वाचक, बावधन

सप्रेम नमस्कार,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. जमीन होईल. लिनोलियमखाली झाकलेलं जुनं सागवान बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा चांगलं निघतं, कारण इतकी वर्षं त्याच्यावर कोणी खुर्च्या ओढलेल्या नसतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र वकील आणि स्ट्रक्चरल इंजिनियर या दोघांच्या हातात आहे, आणि ते मिळेपर्यंत इसार देऊ नका. तुम्ही जमिनीवर भरभरून लिहिलंयत आणि नागपूरच्या बहिणीला एक ओळ दिलीत. व्यवहारात हे नेमकं उलटं हवं, म्हणून मी बहिणीपासून सुरू करतो.

‘तिचं काही नाही’ हे वाक्य पेठांतल्या घरांच्या व्यवहारात फार ऐकू येतं. ते बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या तोंडचं नसतं. घर वडिलांच्या स्वकमाईचं असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलांच्या बरोबरीची वारस आहे. घर वडिलोपार्जित असेल तर २००५च्या दुरुस्तीने तिला जन्मतःच हक्क मिळाला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट करून टाकलं. लग्नात तिला काय दिलं, ती माहेरी किती वेळा येते, याने त्यात फरक पडत नाही. तेव्हा एकतर तिने भावांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर खरेदीखतावर तिसरी विक्रेती म्हणून सही करावी. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. तिच्या वाट्याचे पैसे सरळ तिच्या खात्यात जातात आणि पुढे कधी भाचे कागद घेऊन तुमच्या दारात उभे राहत नाहीत.

भाऊ म्हणाले, ‘तिचं मागाहून बघू, आमच्या दोघांचा हिस्सा तर घ्या’, तर तिथल्या तिथे नाही म्हणा. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसाने घेतला, तर त्याला त्या घरात इतरांबरोबर ताबा मागण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ देत नाही. तुम्हाला वाटणीचा दावा लावावा लागेल, आणि तो लावलात की १८९३च्या वाटणी कायद्याखाली घरातलीच व्यक्ती तुमचा हिस्सा विकत मागू शकते. पैसे अडकतील, आणि त्या सागवानावर पाऊलही पडणार नाही.

बाकी कागदांचं थोडक्यात सांगतो, ते कुठलाही जाणता वकील करून देतो. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिच्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारसांची नोंद होऊ द्या. घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि नागपूरच्या वर्तमानपत्रातही द्या. महापालिकेने घराला धोकादायक म्हणून नोटीस बजावली आहे का, घर हेरिटेज म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या यादीत आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. शनिवारवाड्याजवळचं घर बघणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता एक गोष्ट: केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागते. हे घर घेतल्यावर कळून उपयोग नाही.

मुद्रांक शुल्क पुण्यात सध्या ७ टक्के आहे, घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर ६. घराच्या प्रेमात तुम्ही पडला आहात, तेव्हा ते तुमच्याच नावावर घेण्याला आता आर्थिक कारणही मिळालं.

शिंपीबुवांचं दुकान हा घराबरोबर येणारा जिवंत करार आहे. मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि भाडंही वर्षाला ४ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. ‘तो काय, सांगितलं की जाईल’ असं भाऊ म्हणतील. जात असेल तर खरेदीखताच्या आधी जाऊ दे. राहणार असेल तर तो तिथे कायमचा आहे असं धरून किंमत ठरवा. माझं मत विचाराल, तर खाली दिवसभर माणसांची जाग असणं सासूबाईंना वाईट नाही. पण भाडेपावत्या बघा, आणि त्याच्या ताब्यात नेमकी कुठली जागा आहे ते मोजून नकाशावर लिहून घ्या. मागच्या खोलीत त्याचं जुनं शिलाई मशीन ‘असंच’ ठेवलेलं असेल, तर त्या ‘असंच’चा अर्थ आजच विचारा.

कर्ज काढणार असाल तर बँकेशीही आत्ताच बोला. एवढ्या जुन्या घराचं उरलेलं आयुष्य किती, हे बँकेचा मूल्यमापक पाहतो, आणि त्याने कमी वर्षं लिहिली की कर्जाची मुदत तोकडी होते, हप्ता फुगतो. घराची आणि तुमच्या पगाराची गाठ तिथेच तुटू शकते.

आता नदी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नारायण पेठेत पाणी शिरलं होतं, आणि तुमचं घर तेव्हा उभं होतं. ते पडलं नाही ही चांगली गोष्ट. पण पाणी कुठवर आलं होतं हे गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पेठांतल्या पुष्कळ भिंती विटांच्या असल्या तरी आतला गारा मातीचा असतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की भिंत ठणठणीत दिसते, आणि आत माती भिजून-सुकून भुसभुशीत झालेली असते. जिन्याखाली किंवा कपाटामागे, जिथे गिलावा उडालेला आहे, तिथे विटांमधली सांध किल्लीने खरवडून बघा. चुना असेल तर किल्लीला दाद देत नाही, माती असेल तर पीठ गळतं. मातीचा गारा म्हणजे घर वाईट असं मुळीच नाही. पण मग जमिनीलगतची ओल आणि पन्हाळींचं पाणी याबाबतीत हयगय चालत नाही. शेजारीही नजर टाका. सामाईक भिंतीपलीकडचा वाडा पाडून तिथे पार्किंगसाठी खोल खणणार असतील, तर तुमच्या भिंतीचा आधारच जाईल.

महापालिकेच्या विकास आराखड्यात नदीची निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या दोन रेषा, त्यातली निळी नदीच्या जवळची. घर त्यांच्या कुठल्या बाजूला येतं, ते पाहून घ्या. भाऊ जर ‘उद्या इथे चार मजले होतील’ या हिशेबाने किंमत सांगत असतील आणि घर निळ्या रेषेच्या आत असेल, तर ती किंमत हवेतली आहे, कारण तिथे बांधकामावर कडक बंधनं असतात. घासाघीस तिथे करा, खिडक्यांच्या तुटलेल्या काचांवर नको.

एवढं झालं की मग तुमची लाडकी जमीन. ती पाहायला वर जाऊ नका, खाली जा आणि मान वर करा. अशा घरांत खालच्या खोलीचा कडीपाट उघडा असतो: भिंतीतून भिंतीत गेलेली तुळई, तिच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. पेठांतल्या कित्येक घरांत या फळ्यांवर माती-मुरमाचा थर आणि वर शहाबादी फरशी असते. तुमच्याकडे फळ्या हीच जमीन आहे, हे बरं, कारण वजन कमी आणि तपासायला सोपं. खाली कोणी पीओपीचं छत ठोकलं असेल तर त्याला दोन-तीन ठिकाणी भोक पाडायची परवानगी मागा. विकणारा तेवढीही देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

पहिलं बघायचं ते तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही आणि सहज कुजतही नाही. पण भिंतीत वर्षानुवर्षं ओल राहिली की टोकापासून सुरुवात होते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हर किंवा दाभण घेऊन भिंतीलगत टोचा. हत्याराचं टोक लोण्यात गेल्यासारखं अर्धा इंच आत गेलं तर तिथलं लाकूड गेलेलं आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐका, भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ लाकूड बद्द वाजतं. दुसरी जागा मोरीखालची. वरच्या मजल्यावर मोरी किंवा नंतर काढलेलं बाथरूम असेल, तर त्याच्या खालच्या कड्या सगळ्यात आधी खराब होतात. तिसरी जागा कौलं गळतात तिथली. कड्यांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. बारीक भोकं आणि त्यांच्याखाली ताजी पिवळसर पावडर दिसली तर भुंगा आहे. भोकं असून पावडर नसेल, तर तो बहुधा जुना आणि संपलेला कार्यक्रम आहे. भुंग्याला आवडतं ते सागाच्या कडेचं फिकट लाकूड. काटकसर करून ज्याने घर बांधलं, त्याने फळ्यांत ते फिकट पट्टे ठेवलेले असतात.

हे सगळं तुम्ही स्वतः बघा, पण निकाल इंजिनियरला देऊ द्या, आणि लाकडी घरांचं काम केलेला इंजिनियर शोधा. नुसत्या आरसीसीत वाढलेला माणूस बाक आलेली तुळई पाहून सगळं पाडा म्हणेल. नव्वद वर्षांच्या तुळईला थोडा बाक येतोच. काळजी करायची ती ताज्या, उजळ रंगाच्या चिरेची आणि टोकाशी सरकलेल्या तुळईची. टोक गेलं असेल तर तेवढाच भाग कापून नवा सागाचा जोड देता येतो किंवा खालून लोखंडी चॅनल घेता येतो. त्याचा अंदाजित खर्च इंजिनियरकडून लेखी घ्या आणि तो कागद भावांपुढे ठेवून किंमत बोला.

कॉन्ट्रॅक्टरच्या टाइल्सना माझा नकार आहे, आणि तो सौंदर्यासाठी नाही. दोन इंचांचा सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर टाइल, म्हणजे चौरस मीटरला साधारण १२० किलो वजन. तुमचा दिवाणखाना बारा बाय पंधरा फुटांचा धरला, तर दोन टन. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार येईल असं आपली भारतीय मानकं धरतात. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा माणूस आत यायच्या आधीच टाइल्स खाऊन बसतील. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. सिमेंटला ते जमत नाही, दोन वर्षांत सांधे उघडतात, पोछ्याचं पाणी खाली झिरपतं आणि खालचं लाकूड कोणाला न दिसता कुजतं. लॅमिनेटची पट्टी हलकी असते, पण उघड्या सागावर सागाचं चित्र छापलेला कागद कशाला अंथरायचा?

दसऱ्याचं वेळापत्रक मात्र बदला. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत एवढी ओल असते की पॉलिश वाळत नाही, वाळलं तर पांढुरकं पडतं, आणि फळ्या फुगलेल्या असताना घासून सपाट केलेली जमीन एप्रिलमध्ये पुन्हा वरखाली होते. व्यवहार लवकर झाला तर पावसाआधी कौलं आणि पन्हाळी उरका. पावसाळ्यात वायरिंग, नळ, आतले गिलावे, तुळयांची दुरुस्ती करा. अशा घरांतली लाकडी पट्टीतली जुनी वायर शिल्लक असेल तर ती सगळी काढायची. नव्या वायरी कुठून न्यायच्या हे जमीन पूर्ण होण्याआधी ठरवा, कारण आता चार फळ्या उचलणं सोपं आहे, पॉलिशनंतर नाही. जमिनीचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत, आणि भिंतींचा शेवटचा हात त्याच्यानंतर. दसऱ्याचा मुहूर्त हवाच असेल तर खालच्या खोलीत कलश ठेवून पूजा करा आणि बावधनला परत या. साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधला जाईल आणि पॉलिशही फसणार नाही.

त्या तपकिरी ऑइलपेंटबद्दल, मुलगी चार वर्षांची आहे म्हणून, जरा कडक बोलतो. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर. तुमचा सुतार त्यावर सरळ मशीन फिरवेल, घरभर धूळ उडेल आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. तेव्हा पेंट आधी रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडून काढायचा. कोरडं घासणं नाही, ज्योत किंवा हीट गन नाही. निघालेला लगदा पिशवीत बांधून बाहेर. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मग व्हॅक्यूम, तोही बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा, साधा नको. हे काम चालू असताना मुलीने त्या घरात पाऊल टाकायचं नाही, फोटो काढायलाही नाही. सुताराला रबरी हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क तुम्हीच आणून द्या, तो स्वतःहून घालणार नाही. मास्क पुढे सागाच्या भुशासाठीही लागेल, त्याने कित्येकांना अंगावर पुरळ येतं आणि दम लागतो.

पेंट गेला की घासण्याची घाई करू नका. आधी कपाट जिथे येणार तिथला फूटभर चौकोन निवडा आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्यावर ठेवा. चिकट झालं तर मूळ पॉलिश लाखेचं आहे, ते स्पिरिट आणि काथ्याने उतरतं. लाकडावर मशीन चालवायची कदाचित गरजच पडणार नाही. मशीन लागलंच तर आधी फळीची जाडी बघा, दाराच्या उंबऱ्याशी किंवा जिन्याच्या तोंडाशी फळीची कड उघडी दिसते. पाऊण इंचापेक्षा पातळ निघाली तर फक्त हाताने. प्रत्येक खिळा पंचने दोन-तीन मिलिमीटर खाली ठोकून घ्यायचा, नाहीतर मशीनचा पॉलिशपेपर फाटतो आणि ठिणग्या उडतात. खिळ्यांभोवतीचे काळे डाग लोखंडाचे असतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ते फिके होतात, पण नंतर स्वच्छ पाण्याने पुसून काढावं लागतं. मी ते राहू देतो. जुन्या जमिनीला काळे ठिपके शोभतात.

मशीन म्हटल्यावर पुण्यात तीन प्रकारची माणसं येतील. एक मार्बल-पॉलिशवाला, जो पाणी ओतून घासतो. त्याला जिन्यावर चढू देऊ नका. दुसरा हातातला ग्राइंडर घेऊन येणारा. त्याने केलेल्या चंद्रकोरी खिडकीतून तिरका उजेड आला की दिसतात, आणि त्या पुन्हा घालवायला आणखी लाकूड काढावं लागतं. तिसरा खरा. लाकडी बॅडमिंटन कोर्टांची आणि व्यायामशाळांची जमीन करणाऱ्यांकडे मोठं ड्रमचं मशीन आणि कडेसाठी छोटं मशीन असतं, त्यांच्याकडे चौकशी करा. सुरुवात जितक्या बारीक पेपरने जमेल तितक्या बारकाने. नंबर मोठा तितका पेपर बारीक, तेव्हा ६० नंबरने काम होत असेल तर ४० नको. मग ८०, मग १०० किंवा १२०. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. दिशा नेहमी रेषेच्या, म्हणजे फळीच्या लांबीच्या. जमीन टेबलासारखी सपाट करायचा हट्ट सोडा. दारापाशी खोलगट झालेली फळी हाताने गुळगुळीत करून तशीच ठेवायची, कारण ती सपाट करायला सगळ्या खोलीचं लाकूड उतरवावं लागतं, आणि काढलेला मिलिमीटर परत येत नाही. पुढे मुलीलाही ही जमीन एकदा घासता यायला हवी.

एखाददुसरी फळी बदलावी लागलीच तर नवा साग आणू नका, रंगाने वेगळा पडेल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. त्याची फळी चिरून घ्या. आधी खिळे काढून घ्या, नाहीतर आरागिरणीवाला करवतीचं पातं भरून मागेल, आणि ते योग्यच आहे.

फळ्यांमधल्या फटींबद्दल सुतार म्हणेल, भुसा आणि फेव्हिकॉल भरू. नाही. एप्रिलमध्ये भरलेली कडक लांबी (पुट्टी) जुलैत फळ्या फुगल्या की दाबली जाते, फुटून बाहेर येते, आणि फळ्यांना जागाच उरली नाही तर त्या उचलतात. बारीक फटी तशाच ठेवा. रुंद फटीत सागाची पातळ पट्टी बसवा, पण गोंद एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी राहते. खाली सासूबाईंच्या ताटात धूळ पडत असेल तिथे सुतळी रंगवून पक्की दाबून बसवा. ती आकसते, फुगते आणि तक्रार करत नाही. आवाज मात्र खाली जाणारच. मुलगी वर उड्या मारेल तेव्हा खालच्यांना कळेल, याची कल्पना सासूबाईंना आधीच द्या.

आता मेलामाइन. सुताराचा हात त्यावर बसलेला आहे, म्हणून तो ते सुचवतो. कपाटाच्या दाराला ते छान. पण जमिनीवर ते कडक पडतं, खडा पायाखाली आला की पांढरा ओरखडा उठतो, आणि दुरुस्ती करायची तर पूर्ण खोली पुन्हा. तुमच्यापुढे खरे पर्याय दोन. एक, खास जमिनीसाठी बनवलेलं पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पारदर्शक पॉलिश, तेही मॅट. चकाकी धूळ आणि ओरखडे दाखवते. पाण्याचं पीयू वासाला सौम्य असतं आणि लाकूड उजळ ठेवतं, थिनरचं पीयू त्याला मधाळ करतं. साग तेलकट असतो, त्यामुळे पहिला हात द्यायच्या आधी जमीन थिनरने किंवा स्पिरिटने पुसून लगेच पातळ हात द्यायचा. नाहीतर वरचा थर धरत नाही, महिन्याभरात सोलतो. शेवटच्या हातानंतर आठवडाभर तरी सामान नको आणि सतरंजी-गालिचा त्याहूनही उशिरा.

दुसरा पर्याय तेल आणि मेण. माझी पसंती याला. ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं, दिवसभर थांबून पुन्हा, आणि शेवटी मेण. चमक कमी मिळते. दरवर्षी एकदा हात फिरवावा लागतो. पण दारापाशी झिजलं तर दारापाशीच दुरुस्त होतं, सुताराला बोलवावं लागत नाही. एक धोका नीट लक्षात ठेवा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. लाकडी घरात तर विचारूच नका. काम संपलं की ती अंगणात पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायची, आणि हे कामगारांवर सोडायचं नाही.

सुताराशी बोलताना दर ‘चौरस फुटाला इतके’ एवढ्यावर थांबू नका. पेंट काढणं, खिळे ठोकणं, पेपरचे नंबर, किती हात, कुठल्या कंपनीचा कुठला माल, सगळं लिहून घ्या आणि डबे तुमच्यासमोर उघडायला लावा. आधी एक छोटी खोली पूर्ण करून घ्या. ती आवडली तरच दिवाणखाना.

दिरांच्या बाणेरच्या फ्लॅटला मी नावं ठेवणार नाही. बहिणीने सही नाकारली किंवा इंजिनियरने दोन-तीन तुळयांची टोकं गेली म्हणून सांगितलं आणि भाऊ किंमत सोडेनात, तर दिरांचं ऐका. कागद आणि तुळया दोन्ही ठीक निघाल्या तर नारायण पेठेचं घर घ्या.

राहायला गेल्यावर जमीन पुसण्यावरून घरात वाद होईल, त्याची तयारी ठेवा. सासूबाईंना बादलीभर पाणी आणि फिनाईल लागेल. खालच्या फरशीवर ते खुशाल. वर कोरडा केरसुणीचा हात आणि आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेलं फडकं, फिनाईल अजिबात नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा, तुळशीची किंवा कुठलीही कुंडी वर जमिनीवर ठेवू नका, आणि पहिल्या पावसात छत्री घेऊन नव्हे, टॉर्च घेऊन सगळे कोपरे बघा. गळती कुठे आहे हे जूनमध्ये कळलं तर एक कौल बदलून भागतं.

आपला,
सदरलेखक